गोपनीयतेची साधनं लावली आणि साइट चालेनाशा झाल्या: संरक्षण न काढता दोष कसा शोधायचा

ब्राउझरमध्ये ॲड-ब्लॉकर टाकला, कुकींवर बंधन घातलं, व्हीपीएन घेतला, फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस भरला. (व्हीपीएन म्हणजे तुमची नेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा; डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी; कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी.) आठवडाभरात नेहमीच्या साइट अडखळायला लागल्या. ही एकच तक्रार मी इतक्या लॅपटॉपवर आणि फोनवर सोडवली आहे की आता "काय होतंय?" याच्या आधी "काय काय लावलंय?" हेच विचारते.

माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांनी वैतागून एखादं साधन काढून टाकलेलं असतं. आणि जे काढलं ते बहुतेक वेळा निर्दोष निघतं. दोष दुसऱ्याच कुठल्यातरी सेटिंगमध्ये असतो. म्हणजे साइट चालत नाही ती नाहीच, वर संरक्षणही जातं. काही जण तर "हे आपल्याला जमायचं नाही" म्हणून सगळंच सोडून देतात. ते होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. सगळं काढायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही. एका साइटला एका साधनातून सूट द्यावी लागते, एवढंच. ते साधन कोणतं, हे शोधता आलं की झालं.

लक्षणं

तुमचं लक्षण यात आहे का ते आधी बघा. पुढच्या तपासण्यांमध्ये मी यांचाच उल्लेख करणार आहे.

- लॉग-इन केलं की पुन्हा लॉग-इनचंच पान येतं. पासवर्ड चुकल्याचा संदेशही येत नाही.
- रोज सकाळी सगळीकडे नव्याने लॉग-इन करावं लागतं.
- पेमेंट करताना ओटीपीची चौकट कोरी राहते किंवा नुसतं चक्र फिरत राहतं.
- पान दिसतं, पण खाली सरकत नाही. किंवा बटण दाबलं तरी काहीच होत नाही.
- "मी यंत्र नाही" हे सिद्ध करणारे कॅप्चा एकामागून एक येतच राहतात.
- ऑनलाइन मीटिंगची वेळ काही तासांनी चुकीची दिसते, किंवा कापून चढवलेल्या फोटोवर रंगीत ठिपके आणि रेघा येतात.
- ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की "साइट सापडली नाही". तीच साइट हाताने पत्ता टाकून मात्र उघडते.
- बाहेरच्या वायफायला फोन जोडला जातो, पण नेट येत नाही.
- व्हीपीएन बंद केला, अगदी काढून टाकला, तरी नेट बंदच.
- काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात.

एक शिस्त मात्र पाळा. एका वेळी एकच बदल करा, पान रिफ्रेश करा, बघा, आणि फरक पडला नाही तर तो बदल लगेच मागे घ्या. काय केलं ते कागदावर लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि साइट चालली, तर कशामुळे चालली ते कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने तीच अडचण परत येते.

घड्याळ

याला दहा सेकंद लागतात. यंत्राची तारीख, वेळ आणि टाइम झोन बरोबर आहेत का? सुरक्षित साइटचं, तिची ओळख पटवणारं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं. लेट्स एन्क्रिप्टसारख्या मोफत सेवेची प्रमाणपत्रं कित्येक वर्षं ९० दिवसांचीच असायची. यंत्राचं घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर गेलं की ब्राउझरला धडधाकट साइटही धोकादायक वाटते. जुन्या लॅपटॉपच्या आतली छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि माणूस दोष देतो नव्या एक्स्टेन्शनला, म्हणजे ब्राउझरमध्ये बसवलेल्या जोड-प्रोग्रामला. वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू करा आणि पुढे चला.

प्रायव्हेट विंडो

अडखळणारी साइट प्रायव्हेट किंवा इन्कॉग्निटो विंडोत उघडा. फुकटची आणि सगळ्यात जास्त सांगणारी चाचणी हीच. त्या विंडोत जुन्या कुकी नसतात, आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही चालत नाहीत. म्हणून तिथे साइट नीट चालली, तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या, बिघडलेल्या कुकीचा. नेट, डीएनएस, व्हीपीएन, राउटर या सगळ्यांवरचा संशय तिथल्या तिथे संपतो. अर्धी शोधाशोध वाचते.

उलट निष्कर्ष काढताना जपा. प्रायव्हेट विंडोतही साइट चालली नाही, म्हणजे एक्स्टेन्शन निर्दोष असं लगेच म्हणता येत नाही. क्रोम इन्कॉग्निटोमध्ये तृतीय पक्षाच्या (समोरच्या साइटच्या नव्हे, पानात आलेल्या दुसऱ्याच पत्त्याच्या) कुकी मुळातच अडवतो, फायरफॉक्सही प्रायव्हेट विंडोत ट्रॅकरच्या, म्हणजे तुमचा माग काढणाऱ्या कोडच्या, बाबतीत जास्त कडक होतो. अशा वेळी दुसऱ्या, कशालाही हात न लावलेल्या ब्राउझरमध्ये तीच साइट उघडून बघा. तिथेही बंद असेल, तर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तिथे चालली तर दोष नेटवर्कच्या बाजूचा; थेट डीएनएसच्या भागाकडे जा. कुठेच चालत नसेल, तर कदाचित साइटच बंद आहे. हे विसरून लोक तासन्‌तास सेटिंग उलटीपालटी करत बसतात.

एका साइटपुरती ढाल खाली

प्रायव्हेट विंडोने एक्स्टेन्शनकडे किंवा ब्राउझरच्या संरक्षणाकडे बोट दाखवलं, तर त्या साइटपुरतं संरक्षण थांबवून बघा. फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारजवळ ढालीचं चिन्ह असतं, ब्रेव्हमध्ये सिंहाचं, यूब्लॉक ओरिजिन या ॲड-ब्लॉकरच्या खिडकीत मोठं पॉवरचं बटण. यातलं प्रत्येक फक्त समोरच्या साइटला लागू होतं, बाकी सगळीकडे पहारा तसाच राहतो. एकेक बंद करा, पान रिफ्रेश करा. रिफ्रेश केल्याशिवाय परिणाम दिसत नाही, आणि नेमकं तेच करायचं राहून जातं.

पेमेंटची कोरी चौकट इथे बहुतेक वेळा सुटते. कार्डाची पडताळणी करणारं पान दुकानाच्या पानाच्या आत, एका चौकटीत, बँकेच्या किंवा पडताळणी कंपनीच्या वेगळ्या पत्त्यावरून येतं. ब्लॉकरच्या दृष्टीने ती अनोळखी तृतीय पक्षाची वस्तू असते. म्हणून पैशांचा व्यवहार सुरू करायच्या आधीच त्या साइटला सूट द्या. व्यवहार अर्ध्यावर असताना पान रिफ्रेश केलं तर पैसे कापले गेले की नाही हेच कळेनासं होतं. तसं झालंच, तर पुन्हा पैसे भरायच्या आधी खात्याचा तपशील बघा.

पान सरकत नसेल, तर मी ब्लॉकरमधल्या याद्या बघते. कुकींची परवानगी विचारणाऱ्या पाट्या लपवणाऱ्या जादा याद्या यूब्लॉकमध्ये असतात. त्या मुळात बंद असतात, आपण चालू करतो. होतं काय, की साइट पाटी दाखवताना मागचं पान गोठवते. यादी पाटी लपवते, पण गोठलेलं पान तसंच राहतं. न दिसणाऱ्या पाटीवर "मान्य" किंवा "नामंजूर" कसं दाबणार? याद्या अद्ययावत करा. मोठ्या साइटवरचे असे दोष याद्या सांभाळणारे स्वयंसेवक बऱ्याचदा लवकर दुरुस्त करतात. नाही झालं, तर ती एक यादी बंद करा आणि पाटीवर स्वतःच्या हाताने "नामंजूर" दाबा.

एकाच कामाला दोन पहारेकरी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण मी पाहिलेले निम्म्याहून जास्त बिघाड इथले होते.

एखादी साइट पाच एक्स्टेन्शन सुचवते आणि ते वाचून माणूस पाचही बसवतो. दोन ॲड-ब्लॉकर, एक ट्रॅकर अडवणारं, एक कुकी पुसणारं, एक स्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) थांबवणारं. शिवाय ब्राउझरचं स्वतःचं संरक्षण 'कडक'वर. हे सगळे त्याच विनंत्या अडवायला धावतात. चांगला ब्लॉकर काही स्क्रिप्ट नुसत्या अडवत नाही. साइट मोडू नये म्हणून त्यांच्या जागी निरुपद्रवी बदली स्क्रिप्ट देतो. दुसरा ब्लॉकर मध्ये पडून मूळ विनंतीच मारतो, बदली पोचतच नाही, आणि बटण मुकं होतं. एका ब्लॉकरमध्ये सूट देऊनही साइट सुधारत नाही, कारण दुसरा अजून अडवतोच आहे. "सूट देऊन पाहिली, तरी चालत नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी एक्स्टेन्शनची यादी उघडते.

जास्त साधनं म्हणजे जास्त गोपनीयता, हा समजही खरा नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेने २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक हा प्रयोग केला होता. त्यात तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरपैकी ८३.६ टक्के ब्राउझर फॉन्ट, स्क्रीन, प्लगिन अशा बारीकसारीक माहितीवरून एकमेव ठरले, कुकीशिवाय. पानात फेरफार करणारं प्रत्येक वेगळं एक्स्टेन्शन तुमच्या ब्राउझरला आणखी एक ओळखखूण देऊ शकतं.

मग करायचं काय? सगळी एक्स्टेन्शन बंद करा. साइट चालली की अर्धी चालू करा. बिघडली तर दोषी या अर्ध्यात, नाही बिघडली तर उरलेल्यात. पुन्हा त्या अर्ध्याचे अर्धे. सोळा एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत दोषी सापडतं. एक अपवाद असतो, दोन एक्स्टेन्शन एकत्र असतानाच बिघडणारी जोडी. ती प्रत्येक अर्ध्यात निर्दोष दिसते. तसं झालं तर समजा की भांडण दोन ब्लॉकरमध्येच आहे, आणि एक ठेवा. मी एकच ठेवते: फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, आणि ब्राउझरचं स्वतःचं संरक्षण नेहमीच्या पातळीवर.

क्रोमवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. क्रोमने एक्स्टेन्शनचा जुना साचा २०२४-२५ मध्ये बंद करत आणला, तेव्हा मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासं झालं. त्याच कर्त्याची लाइट आवृत्ती आहे, ती चालते. पण घाईत अनेकांनी मिळत्याजुळत्या नावाचं भलतंच काहीतरी बसवलेलं मी पाहिलं आहे. नाव आणि कर्ता नीट तपासा. ब्लॉकरला तुमचं प्रत्येक पान वाचायची परवानगी असते, त्यामुळे मालक बदलला की विश्वास नव्याने तपासावा लागतो. २०२० मध्ये नॅनो ॲडब्लॉकर नव्या मालकांकडे गेलं आणि काही दिवसांतच त्यात वापरकर्त्यांची माहिती गोळा करणारा कोड सापडला. तसंच, साइटची सुरक्षित आवृत्ती उघडून देणारं एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर हे जुनं एक्स्टेन्शन अजून कुणाकडे असेल तर काढा. ते २०२३ च्या सुरुवातीला निवृत्त झालं, आणि ते काम आता ब्राउझरच करतो. सेटिंगमध्ये 'फक्त एचटीटीपीएस' चालू केलं की झालं.

कुकी: पुसायच्या कोणत्या, ठेवायच्या कोणत्या

गोल गोल फिरणारं लॉग-इन आणि रोज सकाळचं लॉग-इन ही दोन लक्षणं सारखी वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत.

वेबला स्वतःची स्मृती नाही. प्रत्येक पान मागताना तुम्ही सर्व्हरसाठी अनोळखीच असता. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली ती हीच उणीव भरून काढायला: सर्व्हरने एक चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती पुढच्या वेळी दाखवायची. म्हणजे "मी लॉग-इन केलंय" हे सांगणारी चिठ्ठी पण कुकीच, आणि जाहिरातवाल्याने मागावर राहायला लावलेली चिठ्ठी पण कुकीच. आपल्याला दुसरी नको आहे, पण आपण पुसतो दोन्ही.

गोल फिरणारं लॉग-इन म्हणजे चिठ्ठी मिळते आणि लगेच हरवते. बऱ्याच साइटचं लॉग-इन वेगळ्या पत्त्यावर होतं आणि मग तुम्हाला मूळ साइटवर परत पाठवलं जातं. तृतीय पक्षाच्या कुकी बंद असतील तर मूळ साइटला ती चिठ्ठी वाचता येत नाही. सफारीने अशा कुकी मार्च २०२० पासून पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमने २०२० मध्ये त्या हद्दपार करण्याची घोषणा केली, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला. म्हणून काही साइट अजूनही क्रोमपुरत्याच तपासलेल्या असतात आणि इतरत्र अडखळतात. उपाय सेटिंग सगळीकडे सैल करण्याचा नाही. आधी त्या एका साइटच्या कुकी आणि साइट डेटा पुसून पुन्हा लॉग-इन करा. जुनी आणि नवी चिठ्ठी एकत्र राहिल्यानेही हे होतं. नाही जमलं तर तृतीय पक्षाच्या कुकींसाठी तेवढ्या साइटचा अपवाद नोंदवा.

रोज सकाळचं लॉग-इन म्हणजे रात्री कोणीतरी झाडू मारतंय. कोण, ते शोधायचं. ब्राउझर बंद करताना कुकी पुसण्याची सेटिंग एक. फायरफॉक्समध्ये इतिहासाच्या भागात आणखी एक वेगळी खूण असते, ती दुसरी. लोक एक बंद करतात आणि दुसरी राहते. कुकी पुसणारं एक्स्टेन्शन, ते तिसरं. आणि चौथा, ज्याचा कोणालाच संशय येत नाही, तो यंत्र 'स्वच्छ' करणारा प्रोग्राम. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर मी दोन रविवार ब्राउझरच्या सेटिंग तपासत बसले होते. शेवटी रोज रात्री आपोआप चालणारा असा एक क्लीनर सापडला. लॅपटॉप घेतला तेव्हाच त्यात होता.

ब्राउझर बंद होताना कुकी पुसणं ही चांगली सवय आहे, ती सोडू नका. रोजच्या चार-पाच साइटचे अपवाद लिहा. अपवाद लिहिताना चूक एकच होते: साइटचा पत्ता लिहिला जातो, लॉग-इन ज्या पत्त्यावर होतं तो राहून जातो. लॉग-इन करताना ॲड्रेस बारकडे लक्ष ठेवा, मध्येच क्षणभर दिसणारा पत्ताही टिपा, आणि दोन्ही अपवादात घाला.

सफारी वापरणाऱ्यांना कधी कधी वाटतं की साइटवर निवडलेली भाषा किंवा पसंती आठवडाभराने आपोआप पुसली जाते. भास नाही तो. स्क्रिप्टने साठवलेली माहिती, तुम्ही सफारी वापरत असताना सात दिवस त्या साइटकडे फिरकला नाहीत तर सफारी काढून टाकते. दोष नाही हा, संरक्षण आहे. तसंच राहू द्या.

चुकणारी वेळ, बिघडलेले फोटो

ही दोन लक्षणं एकत्र दिसली की मी दुसरं काही तपासतच नाही. कोणीतरी फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन फिंगरप्रिंटिंगविरोधी (ब्राउझरच्या बारीकसारीक माहितीवरून तुम्हाला ओळखू न देणारा) पर्याय चालू केलेला असतो, किंवा लिब्रवुल्फसारखा ब्राउझर असतो, ज्यात तो मुळातच चालू आहे. हा पर्याय ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरसाठी झालेल्या कामातून आला. तो सगळ्यांना एकसारखं दाखवायचा प्रयत्न करतो. सगळ्यांचा टाइम झोन यूटीसी, विंडोचं माप ठरावीक, साइटचं रूप कायम उजळ. साइट चित्र कॅनव्हासवरून (पानात चित्र काढायच्या ब्राउझरच्या सोयीतून) वाचायला गेली की खऱ्या ठिपक्यांऐवजी गोंधळ हातात येतो. म्हणून कॅलेंडर चुकतं, आणि ब्राउझरमध्येच कापून चढवलेला फोटो विस्कटतो.

फोटोसाठी साइटला कॅनव्हासची परवानगी देता येते, विचारणा ॲड्रेस बारमध्ये येते. वेळेवर मात्र तसा सोपा इलाज नाही. ज्यांना खरंच एवढ्या संरक्षणाची गरज आहे त्यांनी मीटिंग आणि कॅलेंडरसाठी वेगळा ब्राउझर ठेवावा. बाकीच्यांनी हा पर्याय बंद करून फायरफॉक्सचं सौम्य फिंगरप्रिंटिंग संरक्षण ठेवावं. माझ्या मते बहुतेकांना तेवढं पुरतं.

डीएनएस

दुसऱ्या ब्राउझरमध्येही साइट उघडली नाही आणि मोबाइल डेटावर उघडली, तर इथे या.

ईमेलमधल्या लिंक न उघडण्याचं कारण साधं आहे. जाहिराती अडवणारा डीएनएस किंवा पाय-होलसारखं घरगुती साधन पत्त्यांची यादी बघून अडवतं. ईमेलमधली लिंक थेट साइटवर नेत नाही. आधी "कोणी क्लिक केलं" हे मोजणाऱ्या पत्त्यावर नेते, आणि तो पत्ता यादीत असतो. म्हणजे साधन नेमकं त्याचं काम करतंय. साइटचा पत्ता हाताने टाका. पासवर्ड बदलण्याची किंवा खातं पक्कं करण्याची लिंक असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तरच त्या क्लिकपुरता मोबाइल डेटा वापरा. पण ती लिंक तुम्ही स्वतः नुकतीच मागितलेली असली पाहिजे. न मागता आलेल्या लिंकसाठी संरक्षण कधीही बाजूला करू नका.

अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस २०१८ च्या आवृत्ती ९ पासून आहे. तिथे आकडे चालत नाहीत, सर्व्हरचं नाव लागतं. क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ साठी ते नाव म्हणजे 'वन' हा इंग्रजी शब्द चार वेळा, मध्ये टिंबं. नावात एक अक्षर चुकलं की फोनचं सगळं नेट बंद, कारण नाव दिल्यावर फोन त्या सर्व्हरशिवाय दुसऱ्या कोणाला विचारतच नाही. कडकपणा चांगल्यासाठी आहे, पण काही ऑफिसांची, कॉलेजांची वायफाय प्रायव्हेट डीएनएस ज्यातून जातो ते ८५३ क्रमांकाचं पोर्ट (नेटवर्कचं दार) अडवतात आणि फोन गप्प होतो. तिथे तेवढ्यापुरतं 'आपोआप'वर ठेवा.

स्टेशन, हॉटेल, विमानतळाच्या वायफायला आधी त्यांचं स्वागताचं पान उघडावं लागतं. ते पान तुमच्या पहिल्या विनंतीला मध्येच वळवून दाखवलं जातं, आणि सुरक्षित डीएनएस, व्हीपीएन, 'फक्त एचटीटीपीएस' ही तिन्ही साधनं असं वळवणंच रोखतात. व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करा, पान उघडा, परवानगी घ्या, मग दोन्ही लगेच चालू करा. ते पान आल्यावर मात्र बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

ब्लॉक केलेला पत्ता यादीतून काढला तरी थोडा वेळ तो बंदच दिसतो. जुनं उत्तर यंत्राच्या आठवणीत असतं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, फोन असेल तर विमान मोड चालू-बंद करा.

व्हीपीएन

कॅप्चा संपतच नसतील, तर व्हीपीएनचा सर्व्हर बदला. एका सर्व्हरच्या पत्त्यावरून एका वेळी खूप लोक बाहेर पडतात. त्यातल्या एकाने साइटला त्रास दिला की संशय सगळ्यांवर येतो. टॉरमध्ये हे आणखी जास्त होतं, कारण बाहेर पडायच्या नोड्सची, म्हणजे शेवटच्या सर्व्हरची, यादीच जाहीर असते. बँकेच्या साइटला व्हीपीएनमधून वगळणं मला पटतं. बँकेला तुम्ही कोण ते माहीतच आहे, तिच्यापासून पत्ता लपवून काही मिळत नाही, आणि रोज वेगळ्या देशातून लॉग-इन दिसलं तर खातं गोठू शकतं. अनोळखी वायफायवर असाल तर मात्र वगळू नका. आपल्याच देशातला सर्व्हर निवडा.

व्हीपीएन काढल्यावरही नेट बंद असेल, तर किल स्विचचा मागे राहिलेला नियम शोधा. किल स्विच म्हणजे व्हीपीएन तुटला तर सगळी वाहतूक थांबवणारी सोय. कॉम्प्युटरवर ॲप नीट न काढल्यास तिचे फायरवॉलचे नियम मागे राहू शकतात. तेच ॲप पुन्हा बसवा, किल स्विच बंद करा, मग ॲप काढा. अँड्रॉइडवर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये "व्हीपीएनशिवाय जोडणी रोखा" हा पर्याय बघा.

फोनवरची आणखी एक अडचण फार जणांना कळत नाही. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. फोनभर जाहिराती अडवणारी कित्येक ॲप फोनच्या आतच एक खोटा व्हीपीएन उभा करून काम करतात. खरा व्हीपीएन चालू केला की ते बंद पडतं, ते चालू केलं की खरा बंद पडतो, आणि माणसाला वाटतं दोन्ही चालू आहेत. व्हीपीएन ठेवा, जाहिराती ब्राउझरमधल्या ब्लॉकरने अडवा.

काही साइट अर्ध्यावर लटकत असतील, म्हणजे हलकी पानं उघडतात आणि जड पानं नाही, तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) बदलून बघा. व्हीपीएन माहितीच्या प्रत्येक पाकिटावर स्वतःचं वेष्टण घालतो. वाटेतल्या एखाद्या जोडणीला ते फुगलेलं पाकीट मावत नाही आणि ते हरवतं. वायरगार्ड या प्रोटोकॉलमध्ये पाकिटाचं माप (एमटीयू) सहसा १४२० बाइट असतं. ते १२८० करून बघता येतं. आकड्यांत हात घालायचा नसेल तर प्रोटोकॉल बदलणं पुरतं.

शेवटचे दोन प्रयत्न

इथपर्यंत काहीच हाती लागलं नसेल तर ब्राउझरचं नवं प्रोफाइल करा आणि त्यात काहीही न बसवता साइट उघडा. जुनं पुसू नका, नुसतं बाजूला ठेवा. नव्यात चाललं तर साधनं एकेक करून, दर दिवशी एक, नव्या प्रोफाइलमध्ये आणा. त्यानंतर अँटिव्हायरस: काही अँटिव्हायरस सुरक्षित वाहतूकही तपासतात, त्यासाठी स्वतःचं मूळ प्रमाणपत्र यंत्रात बसवतात आणि साइट व ब्राउझर यांच्या मध्ये उभे राहतात. वेब तपासणीचा तो भाग काही मिनिटं बंद करून बघा, पूर्ण अँटिव्हायरस नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्यापैकी काही दिसलं तर वरचं काहीही करत बसू नका.

घड्याळ बरोबर आहे, तरी ओळखीच्या अनेक साइटवर प्रमाणपत्राचा इशारा येतो. तो ओलांडून पुढे जाऊ नका. मध्ये कोणीतरी बसलेलं असू शकतं.

स्वतःच्या, घरच्या यंत्रावर ब्राउझर सांगतो की तो एका संस्थेकडून नियंत्रित होतो आहे, आणि तसं करणारा अँटिव्हायरस वा दुसरा ओळखीचा प्रोग्राम तुम्हाला सापडत नाही. किंवा काढलेलं एक्स्टेन्शन परत येतं, सर्च इंजिन आपणहून बदलतं, फोनमध्ये न बसवलेलं व्यवस्थापन प्रोफाइल दिसतं. ही गोपनीयतेच्या साधनांची कुरबुर नाही, घुसखोरी आहे. तेव्हापासून त्या यंत्रावर पासवर्ड टाकू नका. महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला.

यंत्र ऑफिसचं असेल तर तिथल्या आयटी विभागाकडेच जा. त्यांचं प्रमाणपत्र किंवा फिल्टर तुम्ही काढलंत तर साइट चालेल, पण नोकरीत अडचण होईल.

बँकेचं खातं गोठलं असेल, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर बँकेशी बोला. शोधून सापडलेल्या क्रमांकावर नाही.

आणि सगळ्यात गंभीर: तुम्ही कुठे होता, कोणाशी बोललात हे घरातल्या किंवा पूर्वी जवळच्या असलेल्या माणसाला न सांगता कळत असेल, तर फोनवर पाळत ठेवणारं ॲप असू शकतं. ते स्वतः काढू नका. ते काढल्याचं त्या माणसाला कळू शकतं आणि त्यातून धोका वाढतो, शिवाय पुरावाही जातो. त्या फोनवरून मदतही शोधू नका. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून कौटुंबिक हिंसेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेशी बोला. पत्रकार आणि सामाजिक कार्यकर्त्यांसाठी ॲक्सेस नाऊ या संस्थेची डिजिटल सुरक्षेची हेल्पलाइन चोवीस तास चालते.

जाणकाराकडे जाताना तो कागद सोबत न्या: कोणती साइट, कोणतं लक्षण, काय बदललं, काय फरक पडला. इशाऱ्याच्या पानाचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. दुरुस्ती चालू असताना समोर बसा. पासवर्ड लागलाच तर स्वतः टाइप करा, सांगू किंवा लिहून देऊ नका, आणि काम झाल्यावर तो दुसऱ्या यंत्रावरून बदला.